प्रकार तीन

११ मार्च

माझ्या दारावर चिठ्ठी डकवली! मला न विचारता! पिवळी, तळहाताएवढी, मधोमध काळा ३.

पाव घेऊन परत येत होते. रस्त्याच्या पलीकडे एक तरुण उभा, अंगात राजधानी सान्तियागोचं जॅकेट, हातात टॅब. छपराकडे बघायचा, टॅबवर बोट टेकवायचा, की झालं पुढचं घर. एका घराला एक जांभई, त्याहून जास्त वेळ नाही.

"हे काय आहे?"

"तुमच्या घराचा प्रकार, सेन्योरा. प्रकार तीन."

"सेन्योरिता," मी म्हटलं. "लग्न केलेलं नाही. आणि आत पाऊल न ठेवता प्रकार कसा कळला?"

"बाहेरून सगळं दिसतं. भूकंपानंतरची लाकडी घरं, पत्र्याचं छप्पर, दोन खिडक्या, धुरांडं. सगळी सारखीच."

सारखीच! शाळेत नन्स आम्हा मुलींचे असेच प्रकार पाडायच्या. हुशार, आज्ञाधारक आणि बाकीच्या. पण त्या निदान वह्या तरी तपासायच्या.

चिठ्ठी खरवडून काढायला गेले, तर दाराचा रंगच निघाला. राहू दे.

१२ मार्च

शेजारच्या नोल्फाच्या दारावरही ३. ती खूश. म्हणे, "अगं एल्सिरा, नंबर लागला म्हणजे काहीतरी मिळणार!"

३० मार्च

वस्तीच्या सभागृहात सभा. तोच तरुण. नाव गास्पार. इंजिनियर आहे, बोलतो गोड.

म्हणणं असं: हे गाव धुराने गुदमरतंय, कारण सगळे लाकूड जाळतात. लाकूड का जाळतात? घरं गळकी म्हणून. निम्मी ऊब फटींतून रस्त्यावर जाते. तेव्हा फटी बुजवा, भिंतींत काचेची लोकर भरा, लाकूड कमी लागेल, धूर कमी होईल. इथवर मला मान्य. हिवाळ्यात माझ्याही उशाशी वारा शिट्टी वाजवतो.

"पण घरं हजारो आहेत," तो म्हणाला. "प्रत्येक घरात शिरत बसलो तर मी इथेच म्हातारा होईन." लोक हसले. "म्हणून प्रकार. एका प्रकारातलं एक घर नमुना म्हणून आधी करायचं. अर्धा हिवाळा मोजायचं. मग बाकीची तशीच."

मी हात वर केला. "नमुन्याचं घर बाकीच्यांसारखं नसलं तर?"

"प्रकार म्हणजेच सारखी, सेन्योरा."

"—रिता!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळं सभागृह खिदळलं. मीही. 

त्याने भिंतीवर चित्रं दाखवली. प्रकार चारच्या घरांना धुरांडं नाही, तर तिथे हवेसाठी भिंतीला जाळीची भोकं पाडणार. प्रकार तीनला धुरांडं आहे; लोखंडी चूल पेटली की घर तिथून श्वास घेतं, भोकं लागत नाहीत. शिवाय पुढच्या वर्षी सरकार चुलीही बदलून देणार, बिनधुराच्या. अट एकच: जुनी चूल द्या, नवी घ्या.

नमुना म्हणून कुणाचं घर निवडलं? नोल्फाचं! माझं का नाही? जोडघर आहे आमचं, मधली भिंत एक, छप्पर एक. तिचं म्हणे रस्त्याच्या खालच्या टोकाला आहे, गाडी लावायला बरं.

नोल्फाने येताना वाटेत मला दोनदा कोपरखळी मारली. नुसती हसत होती, लॉटरी लागल्यासारखी.

१८ एप्रिल

कामगार तिच्याकडे तीन दिवस. खिडक्या नव्या, दाराला चहूकडून काळी रबरी पट्टी, छताखाली लोकर, भिंतींत लोकर. आज आमच्या मधल्या भिंतीवरही तिच्या बाजूने फळ्या ठोकायला लागले. मी धावत गेले.

"अहो, ही बाहेरची भिंत नव्हे! पलीकडे मी राहते!"

मुकादम शांत. खिशातून नकाशा काढला. "प्रकार तीन म्हणजे सुटं घर. चार भिंती. चार दाखवल्यात, चार करायच्या."

"पण इथे तीनच बाहेरच्या आहेत, डोळ्यांनी बघा ना!"

"बाई, डोळ्यांनी बघायचे पैसे दुसऱ्याला देतात."

नोल्फा म्हणाली, "भरू दे गं. जास्तच ऊब."

१९ एप्रिल

आज सकाळी थाप आली नाही.

आमची रीत इतकी जुनी की लिहायचंही कधी सुचलं नाही. तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यापासून. सकाळी जी आधी उठेल तिने मधल्या भिंतीवर एक थाप मारायची: जागी आहेस का? दुसरीने एक थाप: आहे. मग चहापाणी. एकट्या बायकांना याहून जास्त काय लागतं?

मी थाप मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग झगा अडकवून तिच्या दाराशी. तर ही बाई आरामात केस विंचरतेय!

"मीही मारली की, दोनदा!"

लोकर. भिंत आता बहिरी झाली.

ठरलं असं: ती उठली की स्वयंपाकघराचा पडदा उघडणार. माझ्या पायरीवरून तो दिसतो.

३ मे

नोल्फाकडे दारातच उभी राहिले, आत तिने बोलावलं नाही. पण ऊब दारापर्यंत आली. गालांना लागली. मे महिन्याच्या थंडीत नुसत्या स्वेटरवर बसली होती! हेवा वाटला, खोटं का लिहू.

मात्र तिचा बोका, बिशप, माझ्याकडे राहायला आलाय. इतकी ऊब सोडून. माझ्या गळक्या घरात, लाकडाच्या टोपलीत झोपतो. मी नोल्फाला म्हटलं, "बिशपलासुद्धा चांगलं घराणं कळतं." तर म्हणाली, "त्याला तुझं दूध कळतं."

१६ मे

नोल्फा माते, आमचा कडू हिरव्या पाल्याचा चहा, प्यायला आली, नेहमीसारखी दुपारी. डोकं धरून. रोज सकाळी डोकं दुखतं म्हणे, पोटात ढवळतं, बाहेर पडलं की बरं वाटतं. मी म्हटलं, "रात्री तळलेल्या सोपाइपिया किती खाल्ल्यास?" ती हसली नाही.

तिला फाटकापर्यंत पोचवलं. सहज वर पाहिलं. थंडी कडक, रस्त्यावर धुराचा पट्टा. तिच्या धुरांड्यातून काहीच नाही. त्यावर चिमणी बसली होती. पेटत्या चुलीच्या धुरांड्यावर चिमणी बसते होय?

१७ मे

कळलं.

सकाळी मागच्या कुंपणावरून पाहिलं. नोल्फा अंगणात वाकून शेगडीला पुठ्ठ्याने वारा घालत होती. कोळशाची, तीन पायांची, आईच्या वेळची. धूर उडून गेला, निखारे लाल झाले, तशी चिमट्याने कडी धरून आत घेऊन गेली. आणि दार लावलं. ते नवं, रबरी पट्टीचं दार.

मी मागच्या दाराने सरळ आत. कितीक वर्षांत तिच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं! माते नेहमी माझ्याकडे. मला वाटायचं, माझा माते चांगला होतो.

धुरांडं छतातून खाली उतरतं आणि हवेत संपतं. त्याच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या. खाली चूल नाही. फरशीवर चार पायांचे गंजके ठसे, आणि त्यांवर जिरॅनियमची कुंडी.

"कधीपासून?"

"बूड गळून पडलं. चार हिवाळे झाले."

"कामगारांनी पाहिलं नाही?"

"दुरुस्तीला दिलीय म्हटलं."

"आणि धुरांडं का ठेवलंस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच खुळी आहे. "बिनधुरांड्याचं घर कसं दिसतं, एल्सिरा? रस्त्याला काय सांगू, नोल्फा ओखेदाकडे चूलसुद्धा नाही? रामिरोला उत्तरेत खाणीत कळलं तर आईसाठी नोकरी टाकून येईल." मग आवाज खाली आणून, "आणि जुनी नाही म्हटलं तर नवी कोण देणार?"

कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. माझ्याच गळ्यातल्या पवित्र पदकावर. घेतली.

२८ मे

झोप धड नाही. नोंदणी कचेरीत तीस वर्षं मृत्यूच्या नोंदी टंकल्या मी. दर हिवाळ्यात एक-दोन असायच्याच: शेगडी, बंद खोली, लाल गाल. पण त्या नव्या, पक्क्या घरांतल्या असायच्या, गावातल्या विटांच्या. आमच्या वस्तीतली कधीच नाही. आमची घरं चाळणीसारखी. थंडीने आम्हाला छळलं, पण त्याच फटींनी जगवलं.

आता नोल्फाच्या घराला एकही फट नाही.

३० मे

आज तिला टेबलापाशी बसवलं. मेणबत्ती लावली. शाळेत मदर वाल्बुर्गाने आम्हाला दाखवलं होतं तसं काचेचा पेला वर उपडा घातला. ज्योत लांब झाली, पिवळी झाली, बारीक झाली, गेली.

"आगही श्वास घेते, मुलींनो," मदर म्हणायच्या. "आणि ती तुमच्याआधी जेवून घेते."

नोल्फा म्हणाली, "मेणबत्ती आणि कोळसा एक का? सत्तर वर्षं शेगडीपाशी झोपतेय. माझी आई झोपली, आजी झोपली."

"त्यांच्या भिंतींतून हात बाहेर जायचा!"

"अगं, धूर अंगणातच निघून जातो. नीट पेटवलेली शेगडी काही करत नाही. कच्ची पेटवतात ते मरतात."

इथे सगळे असंच मानतात. दिसतो तो धूर वाईट, लाल निखारा निर्दोष! मी म्हटलं, जे मारतं ते दिसत नाही, वासही येत नाही. तर म्हणाली, "म्हणजे अगदी तुमच्या मदरसारखं." आणि हसत सुटली. मलाही हसू आलं. मेली मोठी वात्रट!

शेवटी कबूल केलं, खिडकी बोटभर उघडी ठेवीन.

४ जून

खिडकी बंद होती. पायरीवरून दिसते मला. "वारा उशाशी येतो," म्हणते. "एवढं करून घेतलं ते काय वारा खायला?"

८ जून

शपथ मोडली. गास्पारच्या कचेरीत गेले.

काउंटरवर थांबवलं, बसवलं, पुन्हा उभं केलं. शेवटी गास्पार स्वतः आला. सौजन्याने कॉफी दिली. मी सगळं सांगितलं: चूल नाही, धुरांडं खोटं, शेगडी आहे, भोकं पाडा. आजच पाडा.

त्याने पडद्यावर पाहिलं. "प्रकार तीनमध्ये शेगडी नाही, सेन्योरिता."

"प्रकार शेगडी पेटवत नाही. नोल्फा पेटवते!"

"समजतंय मला. पण एका घराचा प्रकार बदलायचा तर मालकिणीने सांगायला हवं. शेजारणीच्या सांगण्यावरून भिंती फोडत सुटलो तर..." आणि हसला. "तुम्ही दोघी भांडलेल्या तर नाहीत ना?"

त्या क्षणी कॉफी त्याच्या जॅकेटवर ओतावी असं वाटलं. ओतली नाही. नन्सचे संस्कार!

पुढच्या आठवड्यात स्वतः बघायला येतो म्हणाला. तेवढं तरी पदरात पडलं.

१५ जून

आला. मीही सोबत गेले. नोल्फाने दार उघडलं. केस बांधलेले, ओठांना रंग. मला बघून डोळा बारीक केला.

"या ना, इंजिनियरसाहेब. चूल बघायची? ही बघा."

धुरांड्याखाली चूल! भंगारबाजारातली, गंजून लाल झालेली, पण पुसून, वर किटली मांडलेली. धुरांड्याच्या चिंध्या काढून नळी कशीबशी टेकवली होती. मी खाली वाकले. बूड नव्हतं. आरपार फरशी दिसत होती.

"आत बघा! हात घाला आत!" मी ओरडले.

गास्पारने फोटो काढला. चूल, नळी, किटली. "आहे की, सेन्योरिता."

"ती पेटत नाही!"

"आज धूरबंदी आहे ना, चूल पेटवायला मनाई," नोल्फा साळसूदपणे म्हणाली. "मी कायदा पाळते. म्हातारपणी तुरुंगात कोण जाईल?"

तो हसला, भिंतीवरचं मोजायचं यंत्र पाहिलं, "वा, बाहेर गोठतंय आणि इथे वसंत!" म्हणाला आणि गेला.

दार लागल्यावर ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

"पदकावर हात ठेवून बोलली होतीस."

"नोल्फा, तू मरशील."

"मरेन तर माझ्या घरात, उबेत मरेन. चूल मिळाली असती पुढच्या वर्षी, तीही आज घालवणार होतीस. तुझ्याकडे पेन्शन आहे, चूल आहे, नन्सचं शिक्षण आहे. माझ्याकडे एक धुरांडं होतं, एल्सिरा. तेही तू चव्हाट्यावर मांडलंस."

पदक झग्याच्या आत सारलं आणि घरी आले.

१६ जून

पडदा बंद.

१७ जून

बंद. पण अंगणात कपडे वाळत घातलेत. ठीक आहे म्हणायचं.

२४ जून

काल सान हुआनची, संताच्या सणाची रात्र. दरवर्षी आम्ही एकमेकींच्या खाटेखाली तीन बटाटे ठेवतो: एक सोललेला, एक अर्धा, एक सालासकट. सकाळी न बघता जो हाती येईल तसं वर्ष. यंदा माझे मीच ठेवले. हाती सालासकटचा आला. भरभराटीचं वर्ष म्हणे!

कुणाला दाखवू? बिशपला दाखवला. त्याने हुंगला आणि निघून गेला.

३ जुलै

सकाळी पत्र्यांवर बर्फासारखं दव. धूरबंदी उठलेली नाही. नोल्फा अंगणात शेगडीपाशी. चेहरा उतरलेला. उठताना तोल गेला, दोरी धरून उभी राहिली.

मी कुंपणाशी गेले. "खिडकी उघडी ठेवतेस ना?"

"माझ्या घराची ऊब रस्त्याला का वाटू?"

"डोकं दुखतंय ना रोज?"

"तुझ्यामुळे."

आत गेली. दार लावताना पट्टी दारावर घासली आणि फुस्स असा आवाज आला, बाटलीला बूच बसावं तसा.

रामिरोला फोन केला, खाणीच्या कचेरीत. तो खाली बोगद्यात होता. निरोप ठेवला: आईला भेटायला ये, लवकर. कारण विचारलं. तब्येत, म्हटलं. आणखी काय सांगू?

८ जुलै

उत्तरेचा वारा सुटलाय. सगळ्या गावाला ठाऊक आहे त्याचा अर्थ: वादळ. मावळतीला वीज गेली. माझं छप्पर कण्हतंय, फटींतून मेणबत्ती हलतेय. नोल्फाच्या बाजूने काहीही ऐकू येत नाही. वादळात तिचं घर एवढं शांत कधीच नव्हतं.

कामगारांनी तिच्या न्हाणीत बसवलेला विजेचा पंखाही आता बंद असणार. रात्री हवा थोडी हलवायचा तेवढा तोच होता.

दोनदा उठून चप्पल घातली. दोनदा काढली. सकाळी जाईन. ती मला दारात उभं करणार नाही. पण जाईन.

१० जुलै

लिहायचं नव्हतं. लिहिते.

काल सकाळी वारा पडला. पडदा बंद. पण पडदा तर तीन आठवडे बंदच! रुसलेली बाई आणि मेलेली बाई, पडदा दोघींचा सारखाच दिसतो. मी पाणी ठेवलं. पाव भाजला. म्हटलं, आधी तिची समजूत काढायला काहीतरी गोड न्यावं. सफरचंदाचा केक तिला आवडतो. सफरचंदं चिरली.

बिशप तिच्या पायरीवर बसला होता. दूध दाखवलं, आला नाही. आतही जात नव्हता. नुसता दाराकडे बघत होता.

भिंतीवर थाप मारली. वेड्यासारखी, दोन्ही मुठींनी. ऐकणार कोण? लोकर!

दार कडी नसूनही उघडेना. रबराने धरून ठेवलेलं. खांदा लावला. उघडलं आणि अंगावर ऊब आली. इतकी ऊब! जन्मात त्या घरात एवढी ऊब पाहिली नव्हती. खाटेशेजारी शेगडी, वर पांढरी राख, आत अजून एक लाल डोळा. नोल्फा कुशीवर. एक हात भिंतीकडे. मधल्या भिंतीकडे. बोटं फळीला टेकलेली.

थाप मारली असेल का? मी झोपले होते का तेव्हा? की जागी होते आणि कान लावून बसले होते?

गाल लाल. नाचून आलेल्या मुलीसारखे. असे गाल मी कधी पाहिले नव्हते, पण कितीदा टंकले होते.

मी "ऊठ" म्हटलं. मग दोन्ही खिडक्यांच्या काचा पाटाने फोडल्या. नव्या काचा, दुहेरी. पहिल्या घावाला फुटल्या नाहीत.

१२ जुलै

पुरली. रामिरो आला, खाणीची धूळ कानांत घेऊन. डॉक्टरने लिहिलं: हृदय बंद पडलं. सगळ्यांचंच बंद पडतं शेवटी! मी शेगडी म्हटलं, गाल म्हटलं. तो म्हणाला, "वय होतं, सेन्योरिता. आणि चूल तर दिसतेय घरात."

रामिरोने मला विचारलं, "आईकडे शेगडी कशाला होती?" मी त्याला धुरांड्याच्या खाली नेलं. चुलीचं झाकण उचललं. त्याने आत पाहिलं, फरशी पाहिली. मग झाकण स्वतःच परत ठेवलं.

२१ जुलै

गास्पार आला. टोपी हातात. वाईट वाटलं होतं त्याला, खरंच. मी त्याला खुर्ची दिली नाही.

सांगितलं सगळं पुन्हा. हळू, मुद्द्याला धरून, आवाज न चढवता. तो पांढरा पडला. मग सावरला. "मी वर कळवतो," म्हणाला. "नक्की कळवतो. पण सोमवारी तुमच्या रस्त्याचं काम सुरू होतंय, वरच्या टोकाकडून. कंत्राट दिलं गेलंय. नमुन्याचं घर फार चांगलं निघालं होतं. म्हणजे... आकड्यांत. लाकूड शून्य. धूर शून्य."

"लाकूड शून्य का, ते विचारलं का कुणी?"

तो म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीचं घर अपवाद होतं, सेन्योरिता. एक चुकीचं घर. बाकीच्या घरांत चुली आहेत. धुरांडी दिसताहेत ना." आणि खिडकीतून बोट वर केलं.

२३ जुलै, रविवार

धूरबंदी काल उठली. कडाक्याची सकाळ. पावाला निघाले आणि रस्त्याच्या मधोमध थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी नीट वर पाहिलं.

प्रत्येक छपरावर धुरांडं. धूर माझ्या, बेकरीच्या आणि कोपऱ्यावरच्या एका घराच्या धुरांड्यातून. बाकीची नुसती उभी, थंडीत, चिमण्यांसह. आणि घराघराच्या मागच्या अंगणातून पुठ्ठ्याचा आवाज येत होता: फट, फट, फट.

दारोदारी ३.

पाव घेतला नाही. वरच्या टोकाला गेले आणि पहिल्या दारावर थाप मारली.